बादलीचं गणित

पुष्पलता भामरेचं पत्र आलं तेव्हा मी मागच्या अंगणात बंब पेटवत होतो. पोस्टमनने ते शरयूच्या हातात दिलं आणि ती मला द्यायला मागे आली.

अंतर्देशीय पत्र होतं, अक्षर गोल. मी उभ्याउभ्याच वाचलं.

"आदरणीय सर, सा. न. वि. वि. ते बादलीचं गणित तुम्ही सोडवून दिलं नव्हतं. परीक्षेत तेच आलं. मी लिहिलं नाही. आता परीक्षा झाली आहे, म्हणून विचारते. खाली मी सोडवून पाहिलं आहे. कुठे चुकलं ते कळवावं. काकूंना नमस्कार."

खाली आकृती होती. विहीर, रहाट, दोर, बादली. तिसऱ्या ओळीतली चूक मला लांबूनच दिसली. तिने दोरातला ताण बादलीच्या वजनाइतका धरला होता. माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"कोणाचं?" शरयूने विचारलं.

"एका विद्यार्थिनीचं."

"ती ओढणीवाली? काय म्हणते?"

"गणित अडलंय म्हणते."

"मग सांगा की."

मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. चूक दिसली की मास्तरचा हात शिवशिवतो, हे त्या मुलीला पक्कं ठाऊक असणार, असं मला वाटलं. चूक मुद्दाम केलेली असणार. मी ती दुरुस्त करायची, खाली सही करायची आणि तो कागद पुढे कोणीतरी विद्यापीठात नेऊन दाखवायचा. पेपर काढणारा माणूस परीक्षार्थीशी पत्रव्यवहार करतो, याचा त्याहून चांगला पुरावा कोणता? मी उत्तर दिलं नाही.

त्या वर्षी प्रथम वर्ष बी.एस्सी.चा भौतिकशास्त्राचा पेपर मी काढला होता. आयुष्यात पहिल्यांदाच. 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का असलेलं विद्यापीठाचं पाकीट आलं तेव्हा मला आनंदापेक्षा भीती जास्त वाटली. एवढे मोठे मोठे प्राध्यापक सोडून खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावच्या नेरकरला हे काम कसं आलं, कारकुनाच्या हातून पत्ता तर चुकला नाही ना, असा विचार मी दोन दिवस केला. मग दार लावून कामाला बसलो. कच्चे कागद बंबात जाळले. बाजारातून लाख आणली, पाकिटावर सील केलं, रजिस्टर्ड पार्सल केलं. घरात कोणाला सांगितलं नाही.

त्या पेपरातले बाकीचे प्रश्न इकडून तिकडून घेऊन बदललेले होते, तसे सगळेच घेतात. एक मात्र माझा स्वतःचा होता. आमच्या मागच्या दारी विहीर होती आणि तिला लाकडी रहाट. एकदा शरयूच्या हातून दांडा सुटला, रहाट गरगर फिरला आणि बादली धाडकन पाण्यावर आपटली. रहाटाचं वजन अमुक, बादलीचं तमुक, पाणी इतकं खोल, तर बादली पाण्यावर किती वेगाने आपटेल? गणित तसं साधंच. पण कुठल्या पुस्तकात मी ते पाहिलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटत होता, आणि इतकं साधं गणित विद्यापीठाच्या पेपरात शोभेल का अशी शंकाही होती.

पार्सल जाऊन पंधरवडा झाला असेल. एका दुपारी दारात ही मुलगी उभी.

"सर, मी पुष्पलता भामरे. एफवायला आहे. गणितं अडलीत."

"आमच्या कॉलेजात दिसली नाहीस कधी."

"मी नदीपलीकडच्या कॉलेजात आहे."

"तिथे शिकवायला सर नाहीत?"

"आहेत. ते म्हणतात, सूत्र लिहा आणि किमती टाका."

"मग टाकायच्या."

"कुठल्या सूत्रात टाकायच्या ते सांगत नाहीत."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. "माझं नाव कोणी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतात, सर."

संशय तिथून सुरू झाला. मी कसा शिकवतो ते मला माहीत होतं. फळ्याकडे तोंड करून बोलायचो, मागच्या बाकांना ऐकू जायचं नाही. इतक्या वर्षांत कोणी माझं नाव कोणाला सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. नदी ओलांडून मला शोधत कोणी यावं, असा शिक्षक मी नव्हतो.

पण दारातून परत तरी कसं पाठवायचं? मी तिला आत घेतलं. तिने पिशवीतून सायक्लोस्टाइल केलेल्या गणितांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कागदाची वरची पट्टी कात्रीने कापलेली होती, जिथे छापणाऱ्याचं नाव असतं तिथेच.

"हे कुठले कागद?"

"मैत्रिणीने दिले."

"वरून कापलेत ते?"

"दिले तेव्हापासून तसेच आहेत."

पहिलं गणित लिफ्टचं होतं. लिफ्ट वर जाते, आतल्या माणसाचं वजन किती भासेल. मी समजावू लागलो. ती वहीत लिहीत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कळतंय का?"

"सर, मी लिफ्ट पाहिलीच नाही."

"मीही एकदाच पाहिली आहे. बरं, लिफ्ट सोड. समज, विहिरीत बादली सोडली आणि..."

मी जीभ चावली.

"आणि?" तिने विचारलं.

"आणि काही नाही. लिफ्टच बरी."

तिने मान खाली घातली आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलं.

ती एक दिवसाआड येऊ लागली. तिला खरंच फार थोडं येत होतं, हेही खरं. उतरणीवरचा ठोकळा, कप्पीवरची वजनं, सगळीकडे एकच चूक. दोरी दिसली की ताण वजनाइतका धरायचा. मी चिडायचो, ती शांतपणे म्हणायची, "पण सर, दोरीला वजनच तर लटकलंय ना." शरयू तिला पोहे द्यायची आणि ती बशी स्वच्छ करायची. पण मधूनच कागदाच्या कडेला टिंब पडायचं. माझ्या लक्षात आलं की मी एखाद्या गणितापाशी जरा थबकलो की टिंब पडतं. कधी मी आठवायला थांबलेला असायचो, कधी चष्मा पुसायला.

आणि मग एक दिवस तिने गठ्ठ्यातून एक नवा कागद काढला. त्यात रहाट होता, दोर होता, बादली होती. आकडे वेगळे होते, इतकंच.

माझा हात दौतीला लागला. शाई टेबलावरून माझ्या धोतराकडे निघाली. तिने पटकन ओढणीचं टोक काढून ती टिपली.

"अगं, ओढणी!"

"धुतली की जाईल, सर." ती जाणार नव्हती, दोघांनाही माहीत होतं.

"हे गणित आत्ता राहू दे," मी म्हणालो.

"का सर?"

"अभ्यासक्रमात नाही."

"दुसऱ्या प्रकरणात आहे, सर."

"असेल. पण राहू दे."

तिने पेन्सिल उचलली होती. ती माझ्या हाताकडे बघत होती, जो मी मांडीवर दाबून धरला होता तरी थांबत नव्हता. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"सर, काकूंना बोलवू का? तुम्हाला बरं नाही वाटत."

त्या संध्याकाळी मी शरयूला सगळं सांगितलं. पेपर मीच काढलाय, हे सांगताना माझा आवाज खाली गेला.

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "बंबातली राख कोण काढतं?"

"कोणाला बोलली नाहीस ना?"

"तुम्ही मला बोलला नाहीत, मी कोणाला बोलणार?"

"त्या मुलीला कोणीतरी पाठवलंय. मी कुठल्या गणितापाशी अडतो ते बघायला. आणि मी अडलो. आता ते गावभर होईल, पेपर रद्द होईल, मुलांचं वर्ष जाईल आणि माझं नाव वर्तमानपत्रात येईल."

"मग विद्यापीठाला कळवा."

"काय कळवू? पेपर फुटला नाही, माझा चेहरा फुटला, असं?"

शरयूने निवडत्या तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "पोरगी मला वाईट नाही वाटत."

"तुला कोणीच वाईट वाटत नाही."

"तुम्हाला कोणी चांगलं वाटतं का?"

 रात्रीपर्यंत माझा बेत ठरला होता. खऱ्या अडखळण्याने गुपित बाहेर पडत असेल, तर खोट्या अडखळण्याने ते झाकता येईल. पेपरात नसलेलं एक गणित मी निवडलं. भिंतीला टेकून ठेवलेली शिडी, तिच्यावर चढणारा माणूस, शिडी कधी घसरेल. सकाळी आरशासमोर उभं राहून मी दचकण्याचा सराव केला. शरयू मागून आली, तिने पाहिलं आणि निघून गेली.

पुष्पलता आली तेव्हा मी स्वतःच गठ्ठा चाळून शिडीवर आणला. वाचू लागलो आणि पेन हातातून सोडलं.

"अरेरे," मी म्हणालो.

तिने पेन उचलून दिलं. "हेही राहू द्यायचं का, सर?"

"हो. म्हणजे, हे आत्ता नको. आणि कोणाला बोलू नकोस."

हे शेवटचं वाक्य मी आरशासमोर म्हटलं नव्हतं, ते आयत्या वेळी सुचलं. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तिने शिडीपुढे ठळक टिंब दिलं, मला दिसेल असं.

"आणि ते बादलीचं?"

"त्यात काही नाही. साधं आहे. तुझं तू कर."

"ताण किती धरायचा, तेवढंच सांगा."

"यापुढे येऊ नकोस," मी म्हणालो. "परीक्षा जवळ आली. मलाही कामं आहेत."

तिने कागद गोळा केले. स्वयंपाकघरातून शरयूने हाक मारली, पोहे होतायत म्हणून. "पुन्हा कधीतरी, काकू," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

परीक्षेच्या तोंडावर आमच्या प्रयोगशाळेतला शांताराम एक कागद घेऊन आला. "सर, भावसर क्लासचा गेस पेपर. झेरॉक्सच्या दुकानात रांग लागलीय." मी घाईघाईने पाहिलं. सगळ्यात वर शिडी होती, पुढे तीन चांदण्या. बादली कुठेच नव्हती. मी दोनदा शोधली.

म्हणजे माझं खरं ठरलं होतं. भावसरनेच तिला पाठवलं होतं. आणि मी त्याला फसवलं होतं. जन्मात एकदाच मी चतुर वागलो, असं वाटून मी रिकाम्या प्रयोगशाळेत एकटाच हसलो. पेपर झाला, बादली आली, शिडी आली नाही. मुलांनी भावसर क्लासच्या पाटीला शेण फासलं असं ऐकलं. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मग ते पत्र आलं आणि मी ते लॉग टेबलच्या पुस्तकात ठेवून दिलं. पुढे कधी पेपर काढायचं बोलावणं आलं तर मी प्रकृतीचं कारण सांगून नकार देत गेलो.

मी निवृत्त झालो. शरयू गेली. विहिरीवर लोखंडी झाकण बसलं. गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आम्हा म्हाताऱ्यांना बाकावर ओळीने बसवलं होतं. एक डोळा बांधलेला, दुसऱ्यात कसलेसे थेंब घातलेले. मी कंपाउंडरला काही विचारलं, तसा शेजारचा माणूस माझ्याकडे वळला.

"आवाज ओळखीचा वाटला. नेरकर सर का?"

"हो. आपण?"

"भावसर. क्लासवाला. आता क्लास मुलगा बघतो. इतक्या वर्षांनी शेजारी बसलो, तर दोघांनाही दिसत नाही."

मी बाकावर जरा सरकून बसलो.

"राग गेला ना, सर?"

"कसला?"

"ती भामऱ्यांची पोरगी मीच पाठवली होती. आता काय लपवायचं? तिची फी माफ केली होती त्यासाठी."

"पेपर माझ्याकडे आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्या महिन्यात गावात लाख दोघांनी घेतली. एक सोनार आणि एक तुम्ही. सोनाराला तर लाख लागतेच." तो हसला. "पहिल्याच दिवशी पोरीने येऊन सांगितलं, सर विहिरीचं बोलता बोलता गप्प झाले. म्हणून मी रहाटाचं गणित बनवलं आणि तिच्या हाती पाठवलं. माझी पक्की खात्री होती. पण एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका. इतके विद्वान तुम्ही, आणि ताण बादलीच्या वजनाइतका धरलात?"

"कुठे?"

"त्याच गणितात. पोरीने वही आणून दाखवली. म्हणाली, सर कुठे अडले नाहीत, बोलता बोलता सोडवून दिलं. मी बघतो तर तिसऱ्या ओळीत ताण चुकलेला. मी म्हटलं, पेपर काढणारा माणूस स्वतःच्याच गणितात अशी चूक करेल का? म्हणजे हे गणित पेपरात नाही. काढून टाकलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं की मी असली चूक जन्मात करणार नाही. की मी ते गणित तिला सोडवून दिलंच नव्हतं. मी बाकाची कड घट्ट धरली.

"झाली असेल चूक," मी म्हणालो. "घाईत होतो."

"होतं असं कधीकधी," भावसर समजूत घालत म्हणाला. "पण शिडीने माझा घात केला. मी तिला दोनदा विचारलं, नक्की ना? म्हणाली, सरांच्या हातून पेन गळून पडलं, तोंड पांढरं पडलं, कोणाला बोलू नकोस म्हणून हात जोडले."

"हात जोडले म्हणाली?"

"जोडले नव्हते?"

"जोडलेही असतील. आठवत नाही."

"मुलांनी पाटीला शेण फासलं. मी तिला क्लासमधून काढलं. आणि तिचंही बरं झालं नाही. त्या वर्षी फिजिक्समध्ये राहिली, अगदी थोडक्यात. ऑक्टोबरला पुन्हा बसून निघाली."

बादलीचं गणित दहा मार्कांचं होतं.

"ती माझ्याशी अशी का वागली, मला आजवर कळलं नाही," भावसर म्हणाला. "मी तिचं काय वाईट केलं होतं?"

मला ओढणीवरची शाई आठवत होती. मी विचारलं, "आता कुठे असते ती?"

"शहाद्याकडे एका शाळेत हेडबाई आहे. मागे विज्ञान प्रदर्शनात भेटली. मी तोंड चुकवत होतो, तिनेच हाक मारून चहा पाजला. तुम्हाला पत्ता लिहून देतो... आता कसला देतोय! सांगतो, लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवला. पट्टी निघून वाचायची परवानगी मिळेपर्यंत रोज सकाळी तो मनात म्हणत होतो, पाढ्यासारखा.

लॉग टेबलचं पुस्तक माळ्यावरून उतरवलं. पत्र होतं तिथेच होतं, घडीवर पिवळं पडलेलं. नव्या डोळ्याने ते फार स्पष्ट दिसलं. तिसरी ओळ खोडून पुन्हा लिहिलेली होती, हे मला पूर्वी दिसलं नव्हतं. खोडलेल्या जागी तिने ताणापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मायना लिहायलाच अर्धी सकाळ गेली. मुख्याध्यापिकेला 'चि.' कसं लिहायचं? 'आदरणीय' लिहिलं, फाडलं. शेवटी 'चि. पुष्पलता हिस अनेक आशीर्वाद' असंच लिहिलं. पुढे लिहिलं:

"तुझं गणित तपासलं. तिसऱ्या ओळीत ताण बादलीच्या वजनाइतका धरला आहेस. तसा असता तर बादली पडलीच नसती, जागच्या जागी लटकून राहिली असती. ती पडते, म्हणजे ताण वजनापेक्षा कमी आहे. तो किती, ते मागे करून दाखवलं आहे. बाकी मांडणी बरोबर. दहापैकी सात. भावसरांनी मला ही चूक माझी म्हणून सांगितली. मी ती माझीच म्हणून कबूल केली आहे, तेव्हा तूही तसंच म्हणत जा. काकू असती तर पोह्यांचं विचारलं असतं."

तिचं पत्र लाल शाईने दुरुस्त करून आत ठेवलं. इतक्या उशिरा हे पाहून ती काय म्हणेल, हसेल की फाडून टाकेल, हे मला कळेना. पोस्टात जाईपर्यंत दोनदा परत फिरावंसं वाटलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, स्पीड पोस्ट करू का? उद्या पोचेल."

"नको," मी म्हणालो. "साधं तिकीट दे."

बाहेरच्या लाल पेटीत पाकीट सोडलं. झाकण आपटलं, तरी मी फटीला कान लावून उभा राहिलो. पाकीट आतल्या कडेला अडकलं होतं आणि पेटी रिकामी असावी. जरा वेळाने तळाशी ते पडल्याचं ऐकू आलं.